कातडे कमावणारांच्या गावी

कोल्हापुराहून परतणारा प्रवासी सहसा अंबाबाईचा प्रसाद, गुळाची ढेप आणि चपलांचा जोड बरोबर घेऊन येतो. प्रसाद देवघरात जातो, गूळ फडताळात जातो आणि चपला उंबरठ्याबाहेर राहतात. त्यामुळेच की काय, पहिल्या दोन वस्तूंविषयी आपल्या घरांतून जेवढे बोलले जाते तेवढे तिसरीविषयी बोलले जात नाही. बोललेच तर ते दुकानापासून सुरू होते आणि दुकानापाशीच संपते. वेणी किती बारीक आहे, गोंडा किती डौलदार आहे, भाव काय सांगितला आणि घासाघीस करून काय पडला, एवढेच. हे कातडे कोठे तयार झाले, कोणी तयार केले आणि ते करताना त्याच्या हातांची काय दशा झाली, हा प्रश्न पायांत चप्पल सरकवताना फारसा कोणास पडत नाही. गेल्या माघ महिन्यात कागल तालुक्यात दोन दिवस राहण्याचा योग आम्हांस आला, तेव्हा हाच प्रश्न मनात धरून आम्ही निघालो होतो. तेथे जे पाहिले व ऐकले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

योग आला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. आज तो त्याच तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. त्याचे वडील चपला करीत. शाळेत असताना त्याच्या नावापुढे वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात ‘मजुरी’ असा शब्द होता. तो त्याने स्वतःच सांगून लिहवून घेतला होता, ही गोष्ट त्याने या खेपेस गाडीत बसल्यावर, खिडकीबाहेर पाहात, आम्हांस सांगितली. आता तो शाळा सांभाळून एक निराळाच उद्योग करतो आहे. कातडे जुन्या रीतीने कमावणारी जी थोडी वृद्ध माणसे आसपास उरली आहेत, त्यांच्याकडून सारी कृती तो वहीत उतरवून घेत असतो. जुने शब्द उलगडावयास गुरुजी बरोबर असावेत, असे निमित्त करून त्याने आम्हांस बोलावले. निमित्त जरासे लंगडे होते, पण आम्हांस चालले.

कोल्हापूर ते कागल हा पुणे–बंगळूरु हमरस्त्याचा भाग. त्याविषयी लिहिण्याजोगे काही नाही. कागल मागे टाकून गाडी आतल्या वाटेस लागली म्हणजे मुलूख दिसू लागतो. माघात ऊसतोड ऐन भरात असते. ट्रॅक्टरामागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने इतक्या भरलेल्या की, समोरून आलेल्या आमच्या एस. टी.स रस्त्याखाली उतरून उभे राहावे लागले. वाढ्यांचे भारे डोक्यावर घेऊन बाया घराकडे चालल्या होत्या. पुढे वेदगंगेला मिळणाऱ्या चिकोत्रा नावाच्या लहानशा नदीचे खोरे लागते. त्यातच सेनापती कापशी हे गाव आहे. संताजी घोरपड्यांच्या वंशजांचे हे ठाणे; म्हणून नावाआधी ‘सेनापती’. इतिहासाच्या वाचकास गाव घोरपड्यांमुळे ठाऊक असते आणि चपलेच्या शोकिनास ‘कापशी’ नावाच्या चपलेमुळे. दुसऱ्या प्रकारची कीर्ती अधिक दूरवर गेली आहे, असे आम्हांस वाटते.

या बाजूस खेड्यांतून चपलेला ‘पायताण’ म्हणतात. शहरात हा शब्द भांडणापुरता उरला आहे, परंतु त्याचे कूळ उत्तम आहे. पादत्राण, त्याचे पायताण. ‘वहाण’ हा शब्द तर वेदकालीन ‘उपानह्’ शब्दाचा नातू. पाणिनीने पाचव्या अध्यायात उपानह् आणि चर्म हे दोन शब्द लागोपाठच्या सूत्रांत घेतले आहेत. तेथील उदाहरणांत कातड्याच्या पट्टीला जो ‘वर्ध्र’ शब्द येतो तो आपल्या ‘वादी’ या शब्दाचा पूर्वज होय. आमच्या विद्यार्थ्याने हे सारे वहीत टिपून घेतले आणि म्हणाला, “गुरुजी, म्हणजे आमचा धंदा व्याकरणात होता!” होता खरा. तो व्याकरणात होता, कोशात होता, श्राद्धाच्या दानांतही होता. वस्तू सर्वांस हवी होती.

ज्या गावी जावयाचे होते त्याचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण ज्या वृद्ध गृहस्थांकडे गेलो त्यांची तशी इच्छा नव्हती. गावाबाहेर, ओढ्याच्या खालच्या अंगास, दोन खोल्यांचे कौलारू घर, पुढे पत्र्याची मोठी छपरी, छपरीत जमिनीत बांधलेले चार हौद आणि पलीकडे लाकडी मांडव, असा तो कारखाना. कारखाना हा शब्द मोठा झाला. आजोबा, एक मुलगा आणि कामाच्या दिवसांत बोलावलेला एक गडी, एवढीच तेथली माणसे. आधी भेटला तो वास. त्याचे वर्णन टाळले तर लेख खोटा होईल, म्हणून सांगतो. कुजलेल्या मांसाचा, चुन्याचा आणि तुरट सालीचा असे तीन वास एकावर एक चढलेले असतात. पहिला नाकाला बसतो, दुसरा डोळ्यांना आणि तिसरा घशाला. छपरीखाली गेल्यावर घटकाभराने त्यांतला तिसरा पुढे येतो व तो तितका वाईट नाही.

वृद्धांस सगळे तात्या म्हणतात. वय ऐंशीच्या जवळ. हात मात्र पाहण्याजोगे: मनगटापर्यंत काळसर तांबूस, नखे जाडजूड, बोटांच्या पेरांवर भेगा. आम्हांस बाज टाकून ते म्हणाले, “बसा गुर्जी. हिथं मानूस येतंय ते नाकाला फडकं लावूनच येतंय. तुमी तसंच आलासा.” मग चहा आला. आले सढळ हाताने घातलेला, उत्तम चहा होता.

कातडे मिठात घालून येते. म्हशीचे ओले कातडे म्हणजे दोघांनी उचलावे असे ओझे. ते आधी पाण्यात भिजवून मीठ व रक्त काढावयाचे, मग चुन्याच्या हौदात टाकावयाचे. आठ-दहा दिवस ते चुन्यात फुगते आणि केसांची मुळे सैल होतात. “टाकून मोकळं व्हता येत न्हाई,” तात्या सांगू लागले. “रोज खाली-वर करायला लागतंय. काठीनं भागत न्हाई, हात घालूनच उलटायचं. चुना बोटांत शिरतोय. थंडीच्या दिसांत बोटं फुटत्यात, मग भाकरी मोडायची म्हटली तरी झोंबतंय. नातवानं रबराचं मोजं आनून दिलं व्हतं. चांगलं हाईत. पर मोज्यातनं कातडं कळत न्हाई. किती फुगलंय, केस सुटाय आलं का, ह्ये बोटालाच कळतंय.”

चुन्यातून काढलेले कातडे उतरत्या लाकडी ओंडक्यावर पसरून, बोथट पात्याने केस आणि मग उलट्या बाजूने धारदार पात्याने मांस व चरबी खरवडून काढतात. आम्ही गेलो त्या दिवशी मुलगा हेच करीत होता. कमरेला रबरी कापड बांधलेले, अंगावर पांढरट शिंतोडे, पाय त्या घाणीत. दोन्ही हातांनी पाते धरून वरून खाली असा एक लांब ओढ तो घेई. पाते किंचित जास्त टेकले तर कातड्याला चीर पडते, कमी टेकले तर चरबी राहते आणि पुढे तेवढ्या जागी साल मुरत नाही. हे काम सर्वांत घाण. याच कामात हात सर्वांत हलका लागतो. तासभर आम्ही पाहात होतो; तेवढ्यात त्याने एकदाही पाते अडखळू दिले नाही.

वासाविषयी विचारावे की न विचारावे, असे आम्हांस झाले होते. तात्यांनीच विषय काढला. “वास हाय. आंगुळीनं जातोय म्हंत्यात, न्हाई जात. माजी मालकीन लगीन होऊन आली, तवा पंधरा दिस नीट जेवली न्हाई. फुडं तिला बी याचा बंद झाला. आमाला सोताला वास येतच न्हाई गुर्जी. लग्नाकार्याला कुठं गेलो, पंगतीत बाजूचा मानूस जरा सरकून बसला, की मग ध्येनात येतंय, वास हाय.”

हे त्यांनी अगदी सहज सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता. विद्यार्थी वहीत लिहिता लिहिता थांबला आणि पुन्हा लिहू लागला.

चुना धुऊन काढल्यावर खरी विद्या सुरू होते. बाभळीची साल कुटून आणि हिरडा फोडून त्यांचे पाणी करतात. हिरडा म्हणजे आपल्या घरात ज्याची बाळगुटी उगाळतात आणि जो बेहडा व आवळकाठी यांच्या संगतीने त्रिफळा होतो, तोच. फरक इतकाच की औषधास लहान, कोवळेपणी गळलेला बाळहिरडा घेतात आणि येथे मोठा, पूर्ण वाढलेला लागतो. हरीतकी म्हणून ज्याची थोरवी आयुर्वेदाच्या ग्रंथांनी गाइली, तो सह्याद्रीच्या माथ्यावरून पोत्यांनी येथे उतरतो. त्याच्या गरात वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा तुरट द्रव्य असते. हे तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना घट्ट बिलगते व मग त्यांना सडविणाऱ्या सूक्ष्म जंतूंचे काही चालत नाही. बाभळीच्या सालीने हिरड्या घट्ट होतात असे आजी सांगत असे. त्याच्या मुळाशी हाच गुण आहे. कातडे टिकावे आणि दात टिकावेत यासाठी माणसाने एकाच झाडाकडे हात पसरले आहेत, हे पाहून आम्हांस मौज वाटली.

पहिल्यांदा कातड्याला जुने, वापरून फिके झालेले पाणी देतात आणि मग पायरीपायरीने कडक. आम्ही कारण विचारले. तात्या म्हणाले, “येकदम कडक दिलं, तर वरचं त्वांड मिटतंय. आत पानी जात न्हाई. वरनं झ्याक दिसतंय आनि मधी कच्चंच. असलं कातडं दोन पावसाळ्यांत कुजतंय.” चाळीस वर्षे आम्ही वर्गात शिकविले, पहिल्याच महिन्यात मुलांच्या डोक्यावर संधी आणि समास यांची पोती रिकामी करणारे मास्तर आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्या सर्वांस तात्यांकडे आठ दिवस पाठवावयास हवे होते. असो.

यानंतर कातड्याची पिशवी शिवतात. घायपाताच्या दोरीने कडा शिवून, एक तोंड मोकळे ठेवून, ती लाकडी मांडवाला टांगावयाची. आत कुटलेली साल व हिरडा भरावयाचा आणि वरून पाणी ओतावयाचे. टांगलेल्या चार पिशव्या दुरून पाहिल्या तर पूर्वीच्या भिस्त्याच्या पखाली वाटाव्यात. पाणी कातड्याच्या छिद्रांतून पाझरत, थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात पडत राहते आणि तेच पुन्हा वर ओततात. दिवसा ओततात, रात्री उठूनही ओततात. काही दिवसांनी पिशवी उतरवून, शिवण उसवून, वरचे तोंड खाली करून पुन्हा टांगतात, म्हणजे दोन्ही टोके सारखी मुरतात. मांडवाखाली उभे राहिले तर तो टपटप आवाज सतत कानी येतो. कातडे आल्या दिवसापासून पुरे होईपर्यंत महिना-सव्वा महिना सहज जातो. क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम मोठ्या कारखान्यांत दिवसा-दोन दिवसांत उरकते. ते कातडे मऊ असते, पिशव्यांना व बुटांना चांगले; पण कोल्हापुरी तळाला लागणारा ताठपणा आणि घाम पिऊन पायाच्या आकाराप्रमाणे बसण्याचा गुण या सालीच्या कातड्यालाच असतो. पिळून निघालेली साल वाळवून चुलीत घालतात. हौदातले पाणी मात्र शेजाऱ्यांना नकोसे होते, आणि त्यावरून गावात कधीमधी कुरबूर होते, हेही तात्यांनी लपविले नाही.

मराठीत या कामाला कातडे ‘कमावणे’ म्हणतात. पैसा कमावतात, शरीर कमावतात, जमीन कमावतात आणि कातडेही कमावतात. संस्कृत ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’, त्यापासून हे क्रियापद. ज्यांनी ही भाषा घडविली त्यांना या चार कामांत एकच काही दिसले असले पाहिजे. पुढे पैशाचा अर्थ तेवढा पुढे आला आणि कातड्याचा अर्थ कोशात जाऊन बसला.

आज असे कातडे कमावणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. कारणे अनेक. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या वधास बंदी होतीच. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही तीत आले. त्या कायद्याच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. या छपरीपुरता परिणाम असा की, बैलाचे कातडे येणे थांबले, म्हशीचे तेवढे राहिले, आणि वाहतूक करणारे तेही आणावयास भिऊ लागले. चेन्नईकडून तयार कातडे येऊ लागले ते वेगळेच. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे मुले. तात्यांचा नातू कोल्हापुरात एका मोटारींच्या दुरुस्तीखान्यात आहे. “त्येचं बी हात काळंच असत्यात,” तात्या म्हणाले, “पर ग्रीसचा वास चालतोय लोकास्नी.”

त्या रात्री आम्ही विद्यार्थ्याच्या घरी राहिलो. त्याची आई अजून चपलांच्या वेण्या घालते. कातडे कमावणारा तो ढोर आणि त्याची पायताणे करणारा तो चांभार, अशी जुनी वाटणी. कातडे एकाचे आणि आरी-रापी दुसऱ्याची. दोघांनाही गावकुसाला चिकटून राहावे लागे, तरी त्या दोघांत पुन्हा वर-खाली होतेच. बेटीव्यवहार तर नव्हताच. “आमचे आजोबा कातडे आणायला तात्यांच्या वडिलांकडे जात, पण तिथले पाणी पीत नसत,” विद्यार्थ्याने सांगितले. उतरंडीत ज्याच्या वाट्यास अगदी तळाचे मडके आले असेल त्याच्याहीखाली आणखी एक मडके ठेवण्याची आपल्या समाजाची हातोटी काही और आहे.

आईंना आम्ही आक्का म्हणत होतो. त्यांनी कंदिलाएवढ्या दिव्याखाली, अर्थात विजेच्या, बसून हात चालू ठेवूनच सांगितले. तळाचे थर, टाच, बाजूचे कान, वरची पट्टी, अंगठा, अशी चपलेची अंगे. जाड काम पुरुषांचे, बारीक काम बायकांचे. कातडे कुंडीतल्या पाण्यात भिजवून नरम करावयाचे, कापावयाचे, आरीने छिद्र पाडून वादीने शिवावयाचे. जुन्या पद्धतीच्या जोडात खिळा नसतो. वेणीसाठी शेळीचे पातळ कातडे, त्याच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या. “ताणून धरायला अंगठ्याचं नख लागतंय,” आक्कांनी हात पुढे करून दाखविले. नखाच्या मधोमध खाच पडलेली होती. “पोरगी ल्हान असताना तिची येनी घालाय सवड मिळायची न्हाई. शेजारीन घालायची. आनि मी हिथं बसून ह्या येन्या घालायची.” मुलगी आता पुण्यास परिचारिका आहे, असेही त्यांनी लगेच सांगितले.

कोल्हापुरी चपलेस आता मान मिळू लागला आहे, यात शंका नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळी तिला राजाश्रय होता. २०१९ साली तिला भौगोलिक उपदर्शन मिळाले. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांस मिळून आहे. भाषेवरून भांडणाऱ्या दोन राज्यांनी एका वहाणेवर सह्या केल्या, ही गोष्ट छोटी नाही. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या पेढीने आपल्या प्रदर्शनात याच घडणीचे जोड मांडले. प्रथम कोल्हापूरचे नाव त्यांत नव्हते. इकडे ओरड झाल्यावर, घडण भारतीय कारागिरांच्या परंपरेवरून सुचली हे त्या पेढीने मान्य केले. विद्यार्थ्याने त्या जोडाचे चित्र आईस दाखविले होते. त्यांनी ते जवळ धरून पाहिले आणि एकच विचारले, “कातडं कुनाचं?” त्याला सांगता आले नाही. आम्हांसही सांगता आले नसते. चपलेच्या मानमरातबाच्या या साऱ्या कथेत शिवणारांचे नाव आता येऊ लागले आहे. त्यामागच्या हौदापर्यंत मात्र कोणी पोचत नाही.

तात्यांच्या घरात दोन तसबिरी होत्या. एक बाबासाहेब आंबेडकरांची. दुसरी कक्कय्यांची. बाराव्या शतकात कल्याणास बसवेश्वरांनी जी मंडळी जमविली, त्यांत हे ढोर कक्कय्या होते आणि हरळय्या नावाचे चांभारही होते. हरळय्या दांपत्याने आपल्या मांडीचे कातडे काढून, कमावून, त्याचे जोडे बसवेश्वरांस अर्पण केले अशी आख्यायिका या भागात घरोघर सांगतात. पुढची हकिकत कमी सांगितली जाते. हरळय्यांच्या मुलाचा विवाह मधुवरस नावाच्या ब्राह्मणाच्या मुलीशी झाला आणि त्याबद्दल बिज्जळ राजाने दोन्ही व्याह्यांस देहान्त शिक्षा दिली. आम्ही ही गोष्ट तात्यांस सांगू लागलो तर ती त्यांस आमच्याहून अधिक तपशिलाने ठाऊक होती. मधुवरसाची गोष्ट सांगताना ते आमच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, “तुमच्यातला बी येक गेला की त्यात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा छपरीत गेलो. विद्यार्थ्यास मापे हवी होती. एका कातड्याला साल किती, हिरडा किती, पाणी किती, किती दिवस. तात्यांनी साल ओंजळीने दाखविली, हिरडा टोपलीने आणि दिवसांविषयी म्हणाले की, ते कातडे सांगते. उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात दुसरे. म्हातारे जनावर एक, तरुण दुसरे. विद्यार्थ्याने वजनकाटा आणला होता. ओंजळ तीनदा मोजली, तीनदा वेगळी भरली. तात्यांस त्यात काही वावगे वाटले नाही. पुरे झाले की नाही हे पाहण्यास त्यांनी एका पिशवीच्या कडेचा तुकडा रापीने तिरका कापला आणि काप उजेडात धरला. दोन्ही बाजूंनी तांबूस रंग आत शिरला होता. मधोमध केसाएवढी पांढरी रेघ होती. “अजून कच्चं हाय. ही रेग ग्येली की उतरायचं.”

हे लिहून घेता आले. पण पाणी किती कडक झाले हे कशावरून ओळखता, असे विचारल्यावर तात्यांनी पिशवीखालच्या भांड्यात बोट बुडविले आणि जिभेवर ठेवले. क्षणभर थांबून म्हणाले, “परवा साल घालाय लागंल.” मग त्यांनी भांडे विद्यार्थ्यापुढे सरकविले.

त्याने पेन वहीत ठेवून वही मिटली. आमच्याकडे एकदा पाहिले, बोट बुडविले आणि चाखले. तुरटपणाने त्याचे तोंड वाकडे झाले.

“कुठं लागतंय?” तात्यांनी विचारले. “जिभेच्या शेंड्याला का गालाला?”

“गालाला.”

“मग बराबर हाय. घशाला लागंल तवा कडक झालं म्हनायचं. परवा या, साल घातल्यावर पुन्ना चाखा.”

परवा शाळेची तपासणी होती. त्याने थोडा हिशेब केला आणि सकाळी सहाला येतो म्हणाला. आमची कोल्हापूरची गाडी साडेनवाची होती. ती गाठण्यासाठी आम्ही उठलो, तेव्हा तात्या मांडवाखाली उभे राहून त्याच भांड्यातले पाणी पुन्हा पिशवीत ओतीत होते.